शाळवातली टेप

उंब्रजला हायवेच्या कडेला कृष्णात साळुंख्याचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, सरपंचाचा सत्कार असो, स्पीकर त्याच्याकडचेच. साठी ओलांडलेला गडी, पण आवाज वाढवायला सांगितला की नवरदेवाच्या बापाशीसुद्धा भांडणार. "कान हायेत का पत्रा?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. हा माणूस एके काळी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा असं सांगितलं तर गावातली पोरं तोंडावर हात धरून हसतील.

पण वाजवायचा. नुसता वाजवायचा नाही, त्याच्या नावावर एक आख्खा अल्बम आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सांगलीला कॉलेजात चार पोरं एकत्र आली. उंब्रजचा कृष्णात गिटारवर, वारणाकाठच्या जैन शेतकऱ्याचा सम्मेद गायला, आणि ड्रमला लालासाहेब, कीबोर्डला गुंडा. शेवटचे दोघं आता या जगात नाहीत. सम्मेद शब्द लिहायचा, चाल तो आणि कृष्णात मिळून बांधायचे. मुंबईला जाऊन त्यांनी एक कॅसेट काढली. नाव ठेवलं 'पैलाड'. नदीच्या पल्याडच्या काठाला आपल्याकडं म्हणतात ते पैलाड. ड्रमचा दणका, गिटारचा कल्लोळ, आणि त्या सगळ्यावरून अलगद चालत जाणारा सम्मेदचा गोड गळा. गाण्यात काय, तर पूल, नापास झालेला पोरगा, पल्याड लुकलुकणारा कुणाचा तरी दिवा.

कुणी विकत घेतली नाही. इंग्रजी ऐकणाऱ्यांना ती गावठी वाटली आणि बाकीच्यांना नुसता गोंगाट. साताऱ्याच्या स्टँडासमोरच्या एका दुकानदारानं तर उरलेल्या कॅसेटी पुसून त्यावर भजनं भरली, आणि ती मात्र हातोहात खपली. कृष्णातला हे समजलं तेव्हा तो त्या दुकानासमोर उभा राहून इतक्या शिव्या देत होता की शेवटी एसटीच्या कंडक्टरनं त्याला धरून गाडीत बसवलं.

मग चौघं पांगले. सम्मेदला वडिलांनी शेतीवर बोलावून घेतलं. स्टुडिओनं दिलेली मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून सगळ्या कॅसेटी निघतात ती मूळ रुंद फीत, कृष्णातनंच त्याच्या हातात ठेवली होती. "माझं घर गळकं हाय. तुझ्याकडं ठेव," एवढंच म्हणाला होता.

पुढं सम्मेदच्या लग्नात कृष्णात गेला. पंगतीत पाहुण्यांच्या देखत म्हणाला, "सम्मेद, एक गाणं म्हण की रं आपलं." सम्मेदनं मान खाली घातली आणि म्हणाला, "जाऊ दे. पोरखेळ होता तो."

पोरखेळ! कृष्णातनं पत्रावळीवरचा लाडू तसाच ठेवला आणि शेवटच्या गाडीनं घरी आला. तो परत कधी सम्मेदच्या दारात गेला नाही. आयुष्यात एकच काम मनापासून केलं होतं, आणि ज्याच्या जोडीनं केलं त्यानंच ते चारचौघांत झटकून टाकलं, हे त्याला सोसलं नाही. बायकोनं किती वेळा सांगितलं, जाऊन भेटा म्हणून. हा म्हणायचा, "पोरखेळ खेळायला आता माझं वय न्हाई."

तर गेल्या महिन्यात पुण्याहून एका पोराचा फोन आला. विश्वजित नाव. पहिल्यांदा कृष्णातला वाटलं हा ओटीपी मागणारा असणार, म्हणून त्यानं त्याला यथेच्छ झाडला. पोरगं चिवट निघालं. त्याला म्हणे जुन्या बाजारात 'पैलाड'ची कॅसेट मिळाली, त्यानं त्यातलं एक गाणं इंटरनेटवर टाकलं आणि ते लोकांनी उचलून धरलं. कुठकुठल्या देशांतून विचारणा होत होती, हे कोण गातंय, ही गिटार कुणाची. परदेशातली एक छोटी कंपनी सगळ्या अल्बमची तबकडी काढायला तयार होती. फक्त कॅसेट फार झिजलेली होती, तिच्यावरून काम होणार नव्हतं.

"काका, मास्टर टेप आहे का कुणाकडे?"

कृष्णातनं फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला. दुपारी बायको डबा घेऊन आली तर हा डोळे पुसत होता. "काय झालं?" म्हणाली. तर म्हणाला, "काय न्हाई. आमचं लोक ऐकत्यात."

सम्मेदचा नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं. पण फोनवर सांगायची गोष्ट नव्हे ही. कृष्णातनं ते गाणं मोबाईलवर घेतलं, दुकानातले चांगले हेडफोन घेतले. सम्मेदच्या समोर जायचं, एक अक्षर न बोलता हेडफोन त्याच्या कानाला लावायचे, आणि मग विचारायचं, "आता सांग गड्या. पोरखेळ होता? का चांगलं होतं?" एवढ्या एका उत्तरासाठी हा माणूस इतकी वर्षं झुरत होता. टेप आणायला निघालोय असं तो घरी म्हणाला, ते खरंच होतं. पण टेपेपरास त्याला ते उत्तर पाहिजे होतं.

कराडहून सांगलीची एसटी धरून तो आष्ट्याला उतरला आणि पुढं वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून वारणाकाठी पोचला. माघ सरत आला होता. सम्मेदच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि आतून एका सुरात काहीतरी म्हटल्याचा आवाज येत होता. कृष्णातचे पाय जागीच थबकले. उशीर झाला की काय, असं त्याला वाटलं.

सम्मेदची बायको, पद्मावती, बाहेर आली. केस पांढरे झालेले, पण तिनं त्याला लगेच ओळखलं.

"कृष्णातभावजी? या. बरं झालं आला. ह्यांनी सल्लेखना घेतलीया."

उंब्रजच्या माणसाला हा शब्द ऐकून माहीत होता, पण पाहिलेलं कधी नव्हतं. तिनंच त्याला ओसरीवर बसवून समजावून सांगितलं. पोटाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा सम्मेदनं जैन मुनिमहाराजांच्या पुढं बसून व्रत घेतलं. रडतकुढत मरायचं नाही. जीव ज्याच्या ज्याच्यात अडकलाय ते एकेक करून सोडायचं, खाणंही हळूहळू सोडायचं, सगळ्यांची क्षमा मागायची आणि शांतपणे देह ठेवायचा. आता तो फक्त कोमट पाणी घेत होता. भावकीतली, गावातली माणसं आळीपाळीनं जवळ बसून णमोकार मंत्र म्हणत होती.

"शुद्धीवर हाय?" कृष्णातनं विचारलं.

"हायेत की. बोलतात, पण थोडं. आता डोळा लागलाय. उठले की सांगते."

कृष्णातच्या जिवात जीव आला. मग ओशाळत, आवाज खाली घेत तो म्हणाला, "वैनी, ही येळ न्हवं विचारायची. पण एक पत्र्याचा डबा होता सम्मेदकडं. गोल. त्यात टेप होती आमची."

पद्मावती उठली. आत जाऊन तिनं मुलाला, सन्मतीला, पाठवलं. तिशीतला शांत पोरगा. तो म्हणाला, "चला काका, शेतात जाऊन येऊ."

शेतात कशाला, हे कृष्णातला कळेना. कळेना म्हणून तो मागं मागं गेला.

घरामागंच काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा होता. कणसं दाण्यात आलेली, आणि पाखरांची नुसती झुंबड व्हायचे दिवस. पण पाखरं खाली उतरत नव्हती. शेतभर खांब रोवलेले होते, आणि खांबापासून खांबापर्यंत ताणलेली एक तपकिरी फीत वाऱ्यावर थरथरत होती. तिचा घूंऽऽ असा आवाज साऱ्या रानात भरून राहिला होता. पोपटांचा थवा यायचा, वरच्या वर एक गिरकी घ्यायचा आणि निघून जायचा.

असं लोक करतात. जुन्या कॅसेटींच्या फिती काढून शेतात लावतात, कृष्णातनं शंभरदा बघितलेलं होतं. पण कॅसेटची फीत असते बारीक. ही रुंद होती.

तो जवळ गेला. हात लावला. बोटाला तपकिरी भुकटी लागली. ऊन, दंव आणि वारा यांनी फितीवरचा सगळा लेप सोलून काढला होता, आणि जागोजाग नुसतं पारदर्शक प्लास्टिक उरलं होतं. कृष्णात आयुष्यभर आवाजाच्या धंद्यात होता. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती की बोटाला लागलंय तेच गाणं, आणि आता ते कुठल्याही यंत्रावर वाजणार नाही.

"कुणी लावली ही?" कृष्णातनं विचारलं.

"आप्पांनीच सांगितलं," सन्मती म्हणाला. "मागच्या वर्षी आमी जाळी लावली हुती. तिच्यात पोपट अडकले. आप्पा दिवसभर उन्हात बसून एकेक सोडवत हुते. दोन मेलेच. तवापास्नं आमच्या रानात जाळी न्हाई, गोफण न्हाई. फीत बांधली की पाखरू नुसतं भितं, मरत न्हाई."

"आरं, पर बाजारात पट्टी मिळत न्हवती काय?" कृष्णात ओरडलाच. "चमकणारी पट्टी मिळती की गल्लोगल्ली! ह्योच डबा दिसला तुमाला? माझी ठेव हुती ती! माझी!"

सन्मती घाबरून मागं सरला. "मी म्हटलं हुतं काका, बाजारातनं आणतो म्हणून. पर आप्पा म्हणाले, हीच लाव. का, ते न्हाई सांगितलं."

कृष्णात बांधावर बसला. सन्मतीला त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं.

राग असा काही आला होता की कानशिलं तडतडत होती. आत्ता उठावं, आत जावं आणि सगळं त्या माणसाच्या तोंडावर सांगावं, असं त्यानं पक्कं ठरवलं. सांगावं की बघ, जग विचारत आलं होतं आणि तू ते पाखरं हाकायला टांगलंस. तुझ्या लेखी तो पोरखेळच होता ना, आता जाताना कळू दे काय घालवलंस ते. हेडफोन लावावे कानाला आणि ऐकवावं. मरणाऱ्या माणसाला असं बोलू नये हे त्याला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, आणि तरी बोलायचं होतं.

तेवढ्यात पद्मावती बांधावरून येताना दिसली. हातात पाण्याचा तांब्या. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला आणि दोन हात अंतरावर बसली.

"सन्मती सांगत हुता तुमी चिडला म्हणून. चिडायचंच हाय. मीबी चिडले हुते."

कृष्णातनं मान वळवली. "वैनी, त्याला नको हुती तर मला द्यायची. मी काय मेलो हुतो?"

"नको हुती?" पद्मावती त्याच्याकडं बघतच राहिली. "भावजी, एकोणीसच्या महापुरात घरात पाणी शिरलं, तवा ह्यांनी म्हशी सोडल्या आणि पहिला तो डबा डोक्यावर घेतला. मला म्हणाले, तू ये मागनं. मी कमरेएवढ्या पाण्यात. नंतर मी लय भांडले, बायकोपरास डबा मोठा काय म्हणून. तर नुसते हसले."

कृष्णातनं मान वर करून शेतभर ताणलेल्या फितीकडं बघितलं.

"दर पावसाळ्याआधी डबा उघडायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, परत ठेवायचे. वाजवायला यंत्र न्हवतं. कुणाला दाखवायचे न्हाईत. आमच्या लग्नात पाहुण्यांच्या देखत तुमाला काहीबाही बोलले, ते सासऱ्यांच्या धाकानं. मामंजींनी आधीच बजावलं हुतं, पुन्हा गाणं तोंडात आलं तर घरात पाय ठेवू नको. ते तुमाला सांगायला त्यांना तोंड न्हवतं."

वाऱ्याची झुळूक आली आणि फिती एकदम घुमल्या. पद्मावती पुढं बोलू लागली.

"व्रत घेतल्यावर त्यांनी मीठ सोडलं, तूप सोडलं, दूध सोडलं. शेत पोराच्या नावावर केलं. एक दिवस मला समोर बसवलं आणि म्हणाले, पद्मा, तुझी मायाबी आता मी सोडतोय, राग धरू नको. मी म्हटलं, न्हाई धरत. रडले, पर म्हटलं. मग महाराज आले. त्यांनी विचारलं, अजून काही राहिलंय का मनात? तवा हे गप्प बसले. दोन दिवस कुणाशी बोलले न्हाईत. मग मला म्हणाले, पद्मा, तू सुटलीस, पोरगं सुटलं, पर कपाटातला तो डबा सुटंना गं."

कृष्णातनं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला.

"मी म्हटलं, कृष्णातभावजींना पाठवून देऊ. तर म्हणाले, न्हाई. त्याच्याकडं गेली तर तो ती वाजवंल, आणि ती कुठंतरी वाजतीया एवढं जरी मला ठाऊक आसलं, तरी माझा जीव तिथंच घुटमळंल. ती राहिलीच न्हाई पायजे, पर वाया जायला नको. मग ही शेताची युक्ती काढली. पयल्या खांबाला फीत बांधायला स्वतः आले. उभं राहवत न्हवतं, पोरानं धरलं हुतं. गाठ मारली आणि तिथंच खाली बसले. बायको सोडताना डोळ्यात पाणी न्हवतं भावजी, त्या दिशी हुतं."

ती उठली. "जागे झाले आसतील. तुमची क्षमा मागायची राहिलीया, म्हणून सारखं विचारतात. तुमी करा, न करा. कराच म्हणून मी सांगणार न्हाई." आणि ती घराकडं निघून गेली.

कृष्णात बांधावर तसाच बसला. जे ऐकायला तो आला होता ते त्याला मिळालं होतं, आणि ते इतकं जड निघालं होतं की धड आनंदही होईना आणि धड रागही धरता येईना. ज्या अल्बमला कुत्रं विचारत नव्हतं, तो एका माणसाला बायकोपोरांपेक्षा सोडायला अवघड गेला होता. आणि आपण इतकी वर्षं त्याच माणसावर फुगून बसलो. मग त्यानं नळावर जाऊन तोंड धुतलं आणि तो आत गेला.

खोलीत चटईवर सम्मेद भिंतीला टेकून बसला होता. अंगावर एक पांढरं धोतर. काय उरलं होतं त्याचं! हाडं आणि डोळे. कृष्णातला बघून डोळे हलले. भोवतीच्या माणसांनी मंत्र थांबवला आणि जागा करून दिली.

"आलास," सम्मेद म्हणाला. तो गळा नव्हताच आता, नुसता श्वास होता. त्यानं मोठ्या कष्टानं दोन्ही हात जोडले. "तुझी ठेव हुती. तुला न इचारता मी ती घालवली. मला क्षमा कर, कृष्णात."

खोलीतली सगळी माणसं कृष्णातच्या तोंडाकडं बघत होती. कपाळावर आठी घालून सम्मेद वाट बघत होता. इथं नुसतं बोलायचं म्हणून बोलून भागणार नव्हतं, हे कृष्णातला उमगलं. पोटातून आलं तरच ते याला पोचणार होतं. त्यानं त्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. पाखराएवढंही वजन नव्हतं त्यांना.

"क्षमा केली रं," तो म्हणाला. "समदी केली. माझंबी काय चुकलं आसंल तर तू कर."

सम्मेदनं मान हलवली. थोड्या वेळानं त्याचे ओठ पुन्हा हलले. कृष्णात कान लावून खाली वाकला.

"एवढ्या लांब आलास. काय काम हुतं?"

खिशात मोबाईल होता. हेडफोन होते. पुण्याचा पोरगा होता, परदेशातली ती माणसं होती, जी विचारत होती हे कोण गातंय. एक बटण दाबायचं आणि सम्मेदला कळणार होतं की आपण गायलेलं वाया गेलं नाही. कळणार होतं, आणि सगळं सोडून सुटत आलेला त्याचा जीव पुन्हा त्यात अडकणार होता. कृष्णातनं खिशाकडं गेलेला हात मागं घेतला.

"काय न्हाई गड्या," तो म्हणाला. "सहज आलतो. तुला बघावं वाटलं."

सम्मेद त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले, आणि त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू पुसली गेली. ती गेलेली कृष्णातनं बघितली, आणि मग मात्र त्याला रडू आवरलं नाही.